टिकल्या जागेवर, बटणं परागंदा

हिरव्या टिकलीने कागद निघेना आणि लाल टिकलीवर पुन्हा पुन्हा दाबूनही खिडकी मिटेना, तेव्हा धर्मपालभाऊंनी पहिली शिवी कॉम्प्युटरला दिली आणि दुसरी, जरा घसघशीत, तो असा करून ठेवणाऱ्यांना.

शेजारची नुजहत स्टुलाच्या टोकावर बसून होती. उद्या सकाळी यवतमाळला तिचा डी.एड.चा पेपर आणि हॉलतिकीट समोरच्या काचेत अडकलेलं. गल्लीत वीज होती, पण पांढरकवड्याच्या बाजारात भारनियमन असल्याने झेरॉक्सवाल्याचं शटर खाली होतं.

"काकाजी, राहू द्या. मी सकाळी यवतमाळले उतरून काढून घेईन."

"कायले? माह्या घरी प्रिंटर असून तू यवतमाळले काढशीन?"

प्रश्न हॉलतिकिटाचा राहिला नव्हता, भाऊंच्या नाकाचा झाला होता. पूर्वी ते कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर होते. चिमूटभर कापूस ओढून प्रत सांगायचे आणि ढिगावर ढीग त्यांच्या शब्दाने इकडचे तिकडे व्हायचे. मग खासगी व्यापारी जास्त भाव देऊ लागले, सरकारी केंद्रं ओस पडली आणि भाऊंना मुदतीआधीच घरी बसवलं. घरी बसलेल्या माणसाला चहासुद्धा मागून घ्यावा लागतो. गेलेला मान त्यांना या डब्याने परत मिळवून दिला होता.

पुतण्या राजदीप पुण्याहून येऊन जुन्या मशीनमध्ये विंडोजच्या जागी लिनक्स टाकून गेला होता. वर एक कॅमेराही खोचून गेला. पैसा लागत नाही आणि व्हायरस लागत नाही, एवढं ऐकल्यावर भाऊंना तिसरं कारण नको होतं. इंग्रजी वाचत बसायच्या फंदात ते पडले नाहीत. बायकोच्या, म्हणजे कौसल्याकाकूंच्या, पाकिटातल्या टिकल्या काढून त्यांनी सरळ काचेवर चिकटवल्या. लाल तिथे बंद, हिरवी तिथे प्रिंट. बाण टिकलीवर न्यायचा आणि दाबायचं. एवढ्या विद्येवर अख्ख्या गल्लीचे निकाल निघाले, नोकरीचे अर्ज गेले, आणि भाऊंना लोक 'सर' म्हणू लागले.

मागच्या आठवड्यात पडद्याने विचारलं, नवीन आवृत्ती आली आहे, घ्यायची का? फुकट मिळणाऱ्याला नाही म्हणणं भाऊंच्या रक्तात नव्हतं. ते झोपले आणि मशीन चालत राहिलं. सकाळी बघतात तर टिकल्या आपल्या जागेवर आणि त्यांच्याखालची बटणं गायब. वरचा मेनू नाही, कोपऱ्यातली फुली नाही. डाव्या बाजूला तेवढी मोठमोठी रंगीत चित्रं, बालवाडीच्या भिंतीवर असतात तशी.

"चांगलं चाललं होतं ना?" भाऊ पडद्याला म्हणाले. "कोनी तक्रार केल्ती? काहून हात लावाचा?"

"अवो, चित्रं बरे हायेत की," काकू स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाल्या. "पाहून तरी समजते."

"तुले काय समजते त्यातलं?"

काकूंनी पदराला हात पुसले.

तेवढ्यात कॉम्प्युटर वाजायला लागला. हा वाजतोसुद्धा, हे भाऊंना नवीन होतं. काकूंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. या वेळेला भाऊ रोज चौकात असतात. आज नुजहतमुळे घरी राहिले होते.

आवाज थांबवायला भाऊंनी बाण पडद्यावर जिथे पडेल तिथे दाबलं. आवाज थांबला आणि अख्ख्या काचेवर दीपा आली.

"आई, जेवन झालं का?" ती म्हणाली. मग तिला समोर कोण बसलंय ते दिसलं.

दीपा भाऊंची एकुलती लेक. दोन वर्षांपूर्वी तिने हैदराबादला आपल्या मनाने लग्न केलं. तेव्हापासून या घरात तिचं नाव घ्यायला बंदी होती. काकूंच्या फोनमधला तिचा नंबर भाऊंनी स्वतःच्या हाताने पुसला होता.

"हे काय चालू हाये?" भाऊंनी बायकोला विचारलं.

"राजदीपनं सांगतलं मले, कोनतं चित्र दाबाचं ते. जुन्यात तं काही सापडेच नाही." काकू दारातून हलल्या नाहीत.

भाऊंनी सवयीने बाण उजव्या कोपऱ्यातल्या लाल टिकलीवर नेला. त्यांनी दाबलं. दीपा तिथेच. पुन्हा दाबलं. दीपा तिथेच, डोळे भरलेली. नुजहतने मान खाली घालून ओढणीचं टोक चाळायला घेतलं.

"हे बंद कुठून होते?"

"मले मालूम हाये," काकू म्हणाल्या. "पन मी नाई सांगत."

लग्नाला इतकी वर्षं झाली, भाऊंनी हा सूर ऐकला नव्हता. ते माऊस नुसताच फिरवत राहिले. शेवटी पडद्यातूनच आवाज आला.

"बाबा, माह्याकडंही हेच हाये, बंद कराचं बटन आता डाव्या कोपऱ्यात हाये. बाण वरती नेला का दिसते."

भाऊंनी बाण डाव्या कोपऱ्यात नेला. खरंच की, फुली उगवली. एकदा दाबलं की झालं. बोट माऊसवर होतं आणि लेक बघत होती, थांबवत नव्हती. तिची आठवण येते, ही गोष्ट या माणसाने आजवर स्वतःलासुद्धा सांगितली नव्हती.

त्यांनी बोट माऊसवरून उचललं. चष्मा सारखा केला.

"अन् प्रिंटचं कुठी गेलं?"