सोमवारचं पान

“आता काय दिसतंय?” ऋषिकेशनं फोनवर विचारलं.

“काळंच.” क्षितिजानं मांडीवरची वही सरळ केली. “त्याआधी एक ओळ आली. मॉनिटर आउट ऑफ रेंज.”

“कालचंच की. उतरवून घेतेस ना सगळं?”

“घेते.”

वही ही त्याचीच शिस्त. उरवड्याच्या कारखान्यात तो कॉम्प्युटर सांभाळायचा. स्क्रीनवर जी चूक येईल ती जशीच्या तशी उतरवायची, वर तारीख घालायची. हे मशीनही तिथल्या भंगारातलं. मॉनिटर कुठल्यातरी जुन्या यंत्राचा. फोनच्या तारेवरून इंटरनेट जोडणारा मोडेम मेलेला, असं तो आणतानाच म्हणाला होता.

त्यावर लिनक्स ही सिस्टीम बसली की क्षितिजानं घरातूनच कारखान्याचं टायपिंग करायचं. काम तो फ्लॉपीवर आणणार, फ्लॉपीवर नेणार. मग तिच्या नोकरीचा विषय बंद आणि घरातला फोनही बंद. तोवर फक्त लोकल कॉल चालू, अडलं तर त्याला लावायला. जालन्याला भावाशी, वाल्मीकशी बोलायचं ते त्याच्या मोबाईलवरून, त्याच्या समोर.

दाराला बाहेरून कडी होती. लेक किमया दोन वर्षांची, जिन्यावरून पडेल, असं त्यानं भरे गावात सगळ्यांना सांगून ठेवलं होतं.

घरमालकीण साळूबाईंनी खिडकीच्या गजांतून दुधाची पिशवी आत सरकवली. क्षितिजानं रिसीव्हरवर हात ठेवला.

“मावशी, कडी काढता का जरा?”

“न्हाई बाई. नवरा-बायकोच्या मदी आमी न्हाई पडायचं. येतोय की त्यो सांजच्याला.”

“कोण आहे?” फोनमधून आवाज आला.

“दूध.”

“आणि ते फटफट काय वाजतंय?”

“किमया. चपला घालून फिरतेय घरात.”

“काढ त्या. सकाळी दोनदा फोन लावला, एंगेज.”

“तिनंच रिसीव्हर ओढला होता.”

“हं. पुन्हा सुरू कर. पहिल्या ओळीवर टेक्स्ट असं लिही, मग एंटर. तेवढं जमेल ना बी. एस्सी. बाईंना?”

रिसीव्हर कीबोर्डजवळ धरून तिनं कळा दाबल्या. थोडं थांबली. किमया येऊन तिच्या गुडघ्याला बिलगली.

“तेच. आउट ऑफ रेंज. मग काळं.”

“चार दिवस झाले, क्षितिजा.” तो हसला. “आज गुरुवार. शनिवारी मीच बसतो. तासाभरात चालू करून दाखवतो.”

“बरं.”

तिनं फोन ठेवला. ज्यावरून ती त्याला वाचून दाखवत होती ते सोमवारची तारीख घातलेलं वहीतलं पान मिटलं आणि समोरच्या उजळ स्क्रीनवरचं, सकाळी त्या ‘मेलेल्या’ मोडेमवरून आलेलं वाल्मीकचं पत्र पुन्हा एकदा वाचलं. ‘ताई, गुरुवारी बाराच्या आत भऱ्यात पोचतो. कडी मी काढतो. तू फक्त किमयाच्या पायात चपला घालून ठेव.’