कापून आणा

अकरा वाजून गेले तरी खोक्यात एकही कूपन पडलं नव्हतं.

नेनिता सारखी खोक्यात डोकावत होती. तिचं साप्ताहिक गावभर फुकट वाटलं जायचं आणि जाहिरातींवर चालायचं. त्यातली सगळ्यात मोठी जाहिरात नोय पानियोच्या भाजलेल्या कोंबड्यांची. "फुकटचा पेपर वाचतंय कोण? लोक त्यात सुकट बांधतात," असं म्हणून त्याने पैज लावली होती. या अंकात कूपन छाप. कापून आणेल त्याला अर्धी कोंबडी फुकट. बारापर्यंत पन्नास आली तर वर्षभर जाहिरात, नाहीतर आजपासून बंद. जाहिरात बंद म्हणजे पेपरही बंद, हे दोघांनाही ठाऊक होतं.

निखाऱ्यांवर कोंबड्या फिरत होत्या. पोटात भरलेल्या गवती चहाचा वास पार चर्चपर्यंत गेला होता. समोरच्या झाडाखाली माणसंही बरीच जमली होती, पण नुसती उभी.

"जीपनी गाडीची वाट बघतायत," नोय पानियो म्हणाला. "तुझ्या कूपनाची नव्हे."

पावणेबाराला त्या घोळक्यातून म्हातारी लोला बासिलिया तरातरा रस्ता ओलांडून आली. तिच्या बगलेत पेपर होता, जपून घडी घातलेला, अख्खा.

"काय रे पानियो, एवढी मिजास तुझ्या कोंबडीची? म्हणे कापून आणा! हे कापलं तर माझ्या नातीचं मुंडकं जातं!"

तिने पान उलटलं. कूपनाच्या पाठीमागे पानभर फोटो होता. प्रांतात पहिला आलेला शाळेचा बँड, गावातल्या साठ मुली. नेनिताने तो मोठ्या हौसेने छापला होता आणि मागे काय येतंय हे बघायचंच विसरली होती. अशी चूक नवशिकासुद्धा करत नाही. तिने कपाळावर हात मारून घेतला.

"मग दुसरा अंक घ्यायचा ना, लोला!" ती म्हणाली.

"कुठला दुसरा? दुकानांत एक उरलेला नाही. सगळ्यांनी दोन-दोन नेलेत. एक भिंतीवर लावायला, एक हाँगकाँगच्या लेकीला धाडायला."

आता सगळं झाडच रिकामं झालं. शंभरेक माणसं, प्रत्येकाच्या हातात अख्खा पेपर.

"कात्री लावायची नाही हं, पानियो! नुसतं बघायचं!" मागून कुणीतरी ओरडलं आणि एकच हशा उसळला. नोय पानियो बघत गेला, कोंबड्या तोडत गेला. नेनिता हसत होती आणि डोळेही पुसत होती.

चर्चची बाराची घंटा झाली तेव्हा शिगा मोकळ्या झाल्या होत्या. खोकं मात्र तसंच होतं.

"नोय," नेनिता चाचरत म्हणाली, "कूपन तर एकही आलं नाही."

नोय पानियोने हात पुसले.

"ते राहू दे. पुढच्या अंकात कुणाचा फोटो टाकतेस? फोटोच्या मागची बाजू वर्षभर माझी."