आईची कातडी

"मिनरल आहे ताई, एकदम नॅचरल." मेकअप करायला आलेल्या पल्लवीनं पावडरची डबी पुढे केली. "नवरीच्या आईनं कोऱ्या चेहऱ्यानं फिरायचं होय?"

संपदानं डबी उलटी करून बारीक अक्षरं वाचली. "यात बिस्मथ आहे. चमकीसाठी घालतात ना, तेच. मला खाज सुटते. आईची कातडी आहे माझी, तिलाही काही चालायचं नाही."

बाहेर वेदिकाच्या हळदीची गडबड चालू होती. आईला जाऊन आठ महिने झाले होते. साड्या वहिनीकडे गेल्या, पाटल्या मोडून वेदिकाचे दागिने झाले. नाक-डोळे आईचे नव्हतेच. संपदाजवळ तिची एवढी कातडी उरली होती.

तिसरीत असताना गॅदरिंगला गालांना पावडर लावली आणि घरी येईपर्यंत चेहरा सुजला. "मी अशी कुणावर गेले?" म्हणून ती रडली. आई पावडरचा तोच डबा घेऊन मोरीत गेली. बाहेर आली तेव्हा तिचेही गाल लालबुंद.

"बघ, माझ्यावर गेलीस."

मग दोघींनी आरशासमोर गालाला गाल लावून कोरफड फासली होती. त्यानंतर प्रत्येक लग्नात मायलेकी बिनपावडरच्या. "आल्या सोललेल्या काकड्या!" मामा ओरडायचा. सगळ्यांत आधी आईच हसायची.

"राहू दे, पल्लवी," संपदानं डबी परत केली. "आईसारखीच उभी राहते."

खुर्चीत पेंगणारी वत्सलामावशी हसली. आईची ही थोरली बहीण पहाटेच घोटीहून आली होती.

"उज्ज्वलासारखी? अगं, तिच्या लग्नात तिनं पावडरचा आख्खा डबा संपवला व्हता. लय हौस तिला. काय बी झालं नाय."

"काहीतरीच, मावशी. तिचे लाल झालेले गाल मी स्वतः पाहिलेत."

"ते व्हय? पंच्यानं खसाखसा घासले व्हते तिनं. मी तिथंच मोरीत भांडी घाशीत व्हते."

"पण का?"

मावशीनं तिच्याकडे नवलानं पाहिलं. "जाताना सांगितलं नाय का तिनं तुला? मी म्हणलं, येडी झाली का गं? तर म्हणली, अक्का, आश्रमातनं आणलेली पोर इचारती, मी कुणावर गेले. कुणावर तरी जायला नको का तिनं?"