काना आधी, क मागून

तुफानने मशीन बंद करून पुन्हा चालू केलं आणि ते सुरू होत असतानाच डिलीटची कळ दाबून धरली. प्रोसेसरचा वेग जिथे बदलता येतो ती निळी स्क्रीन उघडली. फोनवर त्याची पुतणी होती.

"काका, आकडा एकाने वाढवा. फक्त एकाने. व्होल्टेजला हात लावायचा नाही."

"नाही लावत," तो म्हणाला.

तुफान हे नाव त्याला छापखान्यात पडलं होतं. उभ्या नोकरीत त्याच्या बोटांची बरोबरी कुणाला जमली नव्हती. निवृत्त झाल्यावरही प्रकाशक जाडजूड हस्तलिखितं टाइप करायला त्याच्याकडेच पाठवायचा. आता एक शब्दकोश आला होता आणि तो पार रखडला होता. कारण मशीन मागे पडत होतं. 'का' टाइप करावा तर काना आधी उमटायचा आणि क मागून यायचा, जिना चढून दमलेल्या माणसासारखा. कीबोर्डवर डाव्या हाताला असलेल्या मात्रा वेळेवर यायच्या, उजव्या हाताला असलेली व्यंजनं रेंगाळायची. नवा कीबोर्ड आणला, तरी रडगाणं तेच. प्रकाशकाने परवा फोनवर गोड आवाजात सांगितलं होतं की जमत नसेल तर दुसऱ्याला देतो. तुफानला रात्रभर डोळ्याला डोळा लागला नव्हता.

पुतणी दुसऱ्या शहरात एका कंपनीचे कॉम्प्युटर सांभाळायची. टायपिंगला एवढा वेग कशाला लागतो, असं तिने आधीच विचारलं होतं. पण काका हट्टाला पेटले म्हटल्यावर तिने रीतसर शिकवायला घेतलं. थोडं वाढवायचं, मशीनला जड काम देऊन तासभर राबवायचं, तापमानावर लक्ष ठेवायचं. ते ऐंशी अंशांच्या वर जायला लागलं किंवा मशीन अडकलं की निमूट मागे यायचं. घाई केली की सगळं मुसळ केरात.

तुफानने अजिबात घाई केली नाही. एक पायरी चढला, चाचणी लावली, खुर्ची ओढून आकड्यांकडे बघत बसला. पहिल्याच चाचणीत बायको स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत धावत आली.

"अहो, काहीतरी जळतंय."

"काही जळत नाही. मला तर कसलाच वास येत नाहीये."

"नाक आहे की शोभेची वस्तू?" म्हणत तिने स्वतःच बटण बंद केलं. कॉम्प्युटरची पेटी उघडली तर आतल्या पंख्यावर धुळीचा थर बसलेला आणि तो भाजून निघालेला. पुतणीला कळलं तेव्हा ती घाबरलीच. साफसफाई झाल्याशिवाय पुढे जायचं नाही, असा तिने दम भरला. तुफानने ब्रशने धूळ झाडली, मोठा पंखा बसवून घेतला. संध्याकाळी फिरायला गेल्यावर तो बायकोला हे सगळं समजावून सांगत होता, पण ती सारखी चार पावलं पुढे जायची आणि त्याच्यासाठी थांबायची. हल्ली तिला भलतीच घाई असते, असं तो मनाशी म्हणाला.

आठवडाभरात वेग चांगलाच चढला. चाचण्या बिनबोभाट पार पडत होत्या, तापमान आटोक्यात होतं, वेग मोजणारा प्रोग्रॅम भराभर वाढते आकडे दाखवत होता. तुफान मोठ्या आशेने शब्दकोश उघडून बसला आणि पहिल्याच ओळीत काना आधी आला, क मागून.

त्याला काही उमजेना. आकडे खोटं बोलतात की डोळे? त्याने आणखी एक पायरी चढवली. मशीन अडकलं, तो गुपचूप मागे आला. पुन्हा टाइप केलं, पुन्हा तेच. एवढा दामटलेला घोडा जागचा का हलत नाही, हे कोडं घेऊन तो जेवायचा, त्याच कोड्यावर झोपायचा. शेवटी त्याने पुतणीला फोन केला आणि तिच्याशी आयुष्यात पहिल्यांदा विनवणीच्या सुरात बोलला.

रविवारी ती आली. आल्या आल्या पेटी उघडून तारा पाहिल्या, चाचणी लावली, जेवणं होईपर्यंत चालू ठेवली. मशीन ठणठणीत होतं. मग तिने वाढवलेला सगळा वेग काढून टाकला आणि ते नवं आणलं तेव्हा जसं होतं तसं करून ठेवलं.

ती त्याच्या खुर्चीत बसली आणि हस्तलिखितातून एक पान टाइप करू लागली. अक्षरं तिच्या बोटांखालून जशीच्या तशी उमटत गेली, आधी क, मग काना.

"बघ, केलंस की नाही दुरुस्त!" तुफान लहान मुलासारखा हसला. "ऊठ, मला बसू दे."

ती उठली. तो बसला, बाह्या सरसावल्या, टाइप करू लागला. दुसऱ्याच शब्दाला काना आधी आला. तो थांबला. हसू तोंडावर तसंच राहिलं.

"काय केलं होतंस तू आत्ता? तेच पुन्हा कर."

पुतणी त्याच्या मागे उभी होती. बायको दारात येऊन थांबली होती. पुतणीने त्याला आणखी एक ओळ टाइप करायला सांगितलं. त्याने केली. ती स्क्रीनकडे बघतच नव्हती, कीबोर्डकडे बघत होती. ओळ संपली तशी तिने वाकून त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"मी मशीनमध्ये काहीच दुरुस्त केलं नाही, काका," ती हळूच म्हणाली. "उद्या आपण डॉक्टरांकडे जाऊन येऊ, तुमचा उजवा हात दाखवायला."