धुतलेली काच

“चुंबक बंद असताना प्रवाहाला आडवं व्होल्टेज येईलच कसं? वायरी वाकड्या चिकटवल्या असशील,” गाईड सर म्हणाले. पीएचडी करणाऱ्या शाल्मलीनं काचेवर चढवलेल्या पातळ अर्धवाहक फिल्मवर वायरी पुन्हा पुन्हा लावल्या. व्होल्टेज येतच राहिलं. सर वैतागले. “ॲसिडनं धुऊन टाक ती फिल्म. खालची काच तरी परत वापरता येईल.”

वर्षभरानं त्यांनी परदेशातला एक पेपर सगळ्या लॅबला वाचून दाखवला. अल्टरमॅग्नेट म्हणे, नव्या जातीचं चुंबकत्व. बाहेरच्या चुंबकाशिवायच आडवं व्होल्टेज देणारं.

“अगं, हे तर आपल्याला आधीच मिळालं होतं! काढ ती फिल्म.”

शाल्मलीनं डबीतली काच त्यांच्या हातावर ठेवली. सरांनी ती उजेडात धरली. तिच्यातून खिडकीबाहेरचं झाड लख्ख दिसत होतं.

“कुठे डाग राहिलाय का बघा, सर,” ती म्हणाली.