ह्यांची शिट्टी

वाफेची इंजिने बंद झाल्यावर गोपीनाथरावांनी आपल्या इंजिनाची दोन हात लांबीची प्रतिकृती घडवली आणि तिच्यात त्याचीच ध्वनिमुद्रित शिट्टी बसवली. ड्रायव्हर असताना कोपरीतल्या घराजवळून जाताना ते दोन आखूड आणि एक लांब शिट्टी देत. ती ऐकून त्यांच्या पत्नी शालूताई भात टाकीत. आज मात्र प्रतिकृतीतून नुसती खरखर उमटत होती.

“ही गाडी दुसऱ्या कोणाची,” शालूताई म्हणाल्या. “ह्यांची शिट्टी ऐकल्याशिवाय मी जेवायची नाही.” सकाळपासून त्या उपाशी होत्या.

गोपीनाथरावांनी बॅटरी पालटली, तारा तपासल्या. शेवटी स्पीकरच्या कागदी पडद्याला गेलेली चीर सापडली. तिच्यावर पातळ कागद खळीने चिकटवून तो वाळेपर्यंत ते स्वस्थ बसून राहिले. मग कळ दाबली. दोन आखूड, एक लांब, अगदी स्वच्छ.

शालूताईंचा चेहरा उजळला. त्यांनी भात टाकला, पतीचे आणि स्वतःचे अशी दोन पाने मांडली. मग गोपीनाथरावांकडे पाहून क्षणभर थांबल्या आणि तिसरे मांडले.

“आमचे हे येतीलच आता. एवढा वेळ खपलात, दादा, तुम्हीही जेवूनच जा.”

गोपीनाथराव हात धुऊन तिसऱ्या पानावर बसले.