लग्नातला करदोरा

"चौतीस लिहा. लग्नापासून पँटचं माप तेच आहे," अनंता आरोग्य तपासणीसाठी टेप घेऊन आलेल्या आशाताईला म्हणाला. हा माझा लेक. बायकोला, शालनला, जाडी म्हणून हिणवतो. तिच्या भाकरीवरचं तूपही बंद केलंय.

"अरे दिवट्या, पँट पोटाखाली घसरली म्हणून माप तेच राहिलं," मी म्हटलं. "ताई, बेंबीवरून धरा टेप."

बेंबीवर चव्वेचाळीस इंच भरलं. शालनची कमर मापात होती. तिची जाडी सगळी मांड्यांना. आशाताई म्हणाली, "मांड्यांच्या चरबीचं एवढं भय नाही. पोटातली चरबी साखर, बीपी वाढवते, शेवटी हार्टवर जाते."

"टेप खोटी आहे," अनंता फुगला.

मी पेटीतून त्याचा लग्नातला चांदीचा करदोरा काढला, कमरेला लावला. दोन्ही टोकांत वीतभर अंतर राहिलं. शालन पदराआड हसली.

"सोनार चांदी जोडून देईल की, आई."

"असंच पोट मिरवत तुझा बाप माझं कुंकू घेऊन गेला. चांदी जोडायची नाही. पोट आत आण."

करदोरा मी तुपाच्या बरणीला बांधला. त्याच्या कमरेला बसेपर्यंत तूप शालनच्या ताटात.